हीटर कोर उलट्या प्रवाहाने धुणे: केव्हा उपयोगी, केव्हा व्यर्थ

प्रश्न असा आहे: दहा वर्षे वापरलेल्या गाडीचे इंजिन नेहमीप्रमाणे गरम होते, तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहतो, ब्लोअरही जोरात चालतो, पण हीटर लावल्यावर आत येणारा वारा कोमटच असतो. चालकाच्या बाजूला थोडी तरी ऊब जाणवते, शेजारच्या आसनापाशी तीही नाही. डॅशबोर्ड उतरवून हीटर कोर, म्हणजे आत येणारा वारा तापवणारा भाग, बदलावा लागेल, असे मेकॅनिकने सांगितले आहे. त्याआधी कोर धुऊन पाहण्यात अर्थ आहे का, आणि धुवायचा असेल तर तो कसा?

अर्थ नक्कीच आहे. आपण सांगितलेली लक्षणे, विशेषतः दोन बाजूंच्या वाऱ्यातील फरक, कोर अर्धवट तुंबल्याकडे बोट दाखवतात. मात्र कोमट वाऱ्याची कारणे अनेक आहेत आणि कोर धुण्याने त्यांपैकी एकच दूर होते. माझ्याकडे एकदा अशी गाडी आली होती, जिचा कोर तीन ठिकाणी तीनदा धुऊन झाला होता आणि वारा होता तसाच होता. दोष निघाला तो डॅशबोर्डच्या आतील फ्लॅपचा, म्हणजे वारा कोरमधून वळवणाऱ्या झडपेचा. त्याचा प्लॅस्टिकचा दांडा मोडल्यामुळे बटण कितीही फिरवले तरी फ्लॅप जागचा हलत नव्हता आणि वारा कोरला वळसा घालून थंडच बाहेर येत होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होता. म्हणून पाण्याची नळी हातात घेण्याआधी अर्धा तास तपासणीला द्यावा.

कोर म्हणजे डॅशबोर्डमागच्या हवेच्या पेटीत बसवलेला एक लहानसा रेडिएटर. इंजिनमध्ये तापलेले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, एका होजमधून (रबरी नळीतून) त्यात येते, चपट्या आणि अतिशय अरुंद नळ्यांतून फिरते आणि दुसऱ्या होजमधून वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला परत जाते. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच मोठ्या रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, बंद असतानाही ही शाखा बहुतेक गाड्यांत वाहती असते, म्हणूनच मोठा रेडिएटर तापण्याआधी हीटर तापू लागतो. आता थोडा हिशेब पाहा. कोरमधून दर मिनिटाला ६ लिटर कूलंट जात असेल आणि कोर हवेला ५ किलोवॉट उष्णता देत असेल, तर कोरमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना कूलंटच्या तापमानात साधारण १४ अंशांचा फरक पडतो. हाच प्रवाह गाळामुळे मिनिटाला १ लिटरवर आला, तर कूलंट तब्बल ४० अंशांनी थंड होऊनही हवेला जेमतेम अडीच किलोवॉट मिळतात. तुंबलेल्या कोरची सगळी ओळख या हिशेबात आहे: आत जाणारी होज हाताला चटका देणारी आणि बाहेर येणारी जेमतेम कोमट.

म्हणून इंजिन पूर्ण गरम करावे, हीटर सर्वांत गरम स्थितीवर आणि ब्लोअर मध्यम वेगावर ठेवावा, आणि इंजिन व केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत जाणाऱ्या दोन्ही होजचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजावे. धातूच्या चकचकीत नळीवर हे उपकरण चुकीचे आकडे दाखवते, त्यामुळे नेम रबरावरच धरावा. थर्मामीटर नसेल तर हाताच्या मागच्या बाजूने क्षणभर स्पर्श करून अंदाज येतो, पण पट्टा आणि पंखा यांपासून हात आणि बाही दूर ठेवावी. आत जाणारी होज ८५ अंशांच्या आसपास आणि बाहेर येणारी ५० किंवा त्याखाली असेल, तर प्रवाह अडला आहे असे समजावे. दोन्ही होज जवळजवळ सारख्याच गरम असूनही वारा कोमट असेल, तर पाण्याची बाजू निर्दोष आहे आणि दोष हवेच्या बाजूला आहे: फ्लॅप, त्याची मोटर किंवा केबल, धुळीने गच्च झालेला केबिन फिल्टर, क्वचित कोरच्या कडेचा फोम झडून हवा बाजूने निसटणे. अशा गाडीचा कोर धुणे म्हणजे पाणी आणि वेळ दोन्ही वाया घालवणे होय.

दोन्ही होज थंड किंवा कोमट असतील, तर प्रकरण आणखी वेगळे असते. सर्वांत आधी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी पाहावी. पातळी उतरली की अनेक गाड्यांत सर्वांत आधी हीटर रुसतो, कारण कोर हा कूलंटच्या संपूर्ण चक्रातील उंचावरच्या भागांपैकी एक असतो आणि हवा वरच जाऊन बसते. पातळी ठीक असेल तर उघडा अडकलेला थर्मोस्टॅट पाहावा. अशा वेळी तापमानाचा काटाही मध्यापर्यंत चढत नाही, विशेषतः मोकळ्या रस्त्यावर. काही गाड्यांत होजवर हीटरचा व्हॉल्व्ह असतो आणि तो बंद स्थितीत अडकतो. इंजिनचा वेग वाढवल्यावर वारा गरम आणि गाडी उभी राहिली की थंड, असे होत असेल तर चक्रात हवा आहे, वॉटर पंपाची पाती झिजली आहेत किंवा कोर अर्धवट तुंबला आहे. या तिघांतला फरक वरच्या तापमानांवरून आणि पातळीवरून कळतो. पातळी वारंवार उतरत असेल आणि टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्याचे डोके यांमधल्या सीलची, तपासणी करावी. टाकीच्या तोंडाशी निळा द्रव असलेली परीक्षानळी लावून ती करतात; ज्वलनाचे वायू आले तर तो द्रव पिवळा पडतो.

आणखी एक तपासणी, जी बहुतेक जण विसरतात. काचेवर आतून तेलकट थर धरत असेल, केबिनमध्ये गोडसर वास येत असेल किंवा शेजारच्या आसनापुढचा गालिचा ओलसर असेल, तर कोर गळतो आहे. गळका कोर धुऊ नये, तो बदलावा. जुन्या कोरमध्ये कित्येकदा गाळच एखाद्या बारीक छिद्राचे बूच झालेला असतो, आणि धुतल्यावर ते बूच निघून गळती सुरू होते. धुण्याने छिद्र पडले, असा ठपका मग धुणाऱ्यावर येतो. खरे तर ते आधीच पडलेले असते. गाडी दुसऱ्याची असेल तर ही शक्यता काम सुरू करण्यापूर्वीच स्पष्ट सांगावी.

कोर कशाने तुंबला आहे हे ठरवणे हा या कामाचा गाभा आहे, कारण प्रत्येक मळाला उतारा वेगळा असतो. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे नळाचे किंवा विहिरीचे जड पाणी घातले गेले असेल, तर नळ्यांत पांढरट क्षारांचा थर बसतो. इंजिनचा ब्लॉक बिडाचा असेल आणि कूलंटमधील गंजरोधक संपून गेले असतील, तर तपकिरी गंजाचा गाळ येतो. वेगवेगळ्या जातीची कूलंट एकत्र झाली असतील, तर काही वेळा त्यांतील घटक एकमेकांत न मिसळता चिकट, जेलीसारखा साका तयार होतो. रंग सारखा म्हणून कूलंट सारखे, ही समजूत यामुळेच महाग पडते. इंजिन ऑइल चक्रात मिसळले असेल तर दुधाळ कॉफीच्या रंगाचा राडा दिसतो, आणि तिथे आधी ऑइल कुठून येते ते शोधावे लागते. शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत त्रासदायक प्रकार म्हणजे रेडिएटरची गळती थांबवण्यासाठी ओतलेले औषध. ते छिद्र आणि अरुंद नळी यांत भेद करत नाही. आधीच्या मालकाने ते ओतले असेल तर कोर धुऊन पूर्ण मोकळा होण्याची आशा कमीच ठेवावी.

टाकीचे झाकण उघडून आत बोट फिरवले किंवा कूलंट पांढऱ्या वाटीत घेतले तर यातील बरेचसे कळते. मात्र झाकण केवळ पूर्ण थंड इंजिनावर उघडावे. चालू गाडीत हे चक्र साधारण १ ते १.४ बार (बार हे दाबाचे एकक) दाबाखाली असते आणि त्या दाबामुळेच आतले कूलंट १०० अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो, ते एकदम उकळते आणि उसळून अंगावर येते. यात भाजलेले हात मी पाहिले आहेत.

आता प्रत्यक्ष काम. गाडी काही तास थंड होऊ द्यावी. इग्निशन चालू करून हीटर सर्वांत गरम स्थितीवर ठेवावा आणि मग इग्निशन बंद करावे, म्हणजे व्हॉल्व्ह असल्यास तो उघडा राहील. आत जाणारी होज कोणती आणि बाहेर येणारी कोणती, हे आधीच्या तपासणीत समजलेले असते. त्यांवर रंगीत टेपने खूण करावी. खाली रुंद परात किंवा टब ठेवावा. जुने कूलंट गटारात किंवा मातीत सोडू नये. त्यातील इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, चवीला गोड आहे, आणि त्या गोडीपायी कुत्री-मांजरे ते चाटून मरतात. ते झाकणाच्या डब्यात भरून वापरलेले कूलंट स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्यावे. अल्टरनेटर खाली असेल तर तो प्लॅस्टिकने झाकावा.

होज काढताना घाई करू नये. कोरच्या दोन नळ्या पातळ ॲल्युमिनियमच्या किंवा पितळेच्या असतात, आणि दहा वर्षे तापलेले रबर त्यांना चिकटून बसलेले असते. क्लिप पकडीने दाबून मागे सरकवावी आणि होज आधी गोल फिरवून सुटी करून पाहावी. फिरत नसेल तर ओढू नये, स्क्रू ड्रायव्हरने उचकटूही नये. ब्लेडने होजच्या टोकाला लांबीच्या दिशेने चीर द्यावी आणि ती सोलून काढावी. चीर देताना खालच्या नळीवर ओरखडा उठू देऊ नये, नाहीतर तिथूनच पुढे गळते. होज नवी मिळते. कोरची नळी वाकली किंवा मुळाशी तडकली तर डॅशबोर्ड उतरवण्याची वेळ येते. प्लॅस्टिकचे जोड असतील तर ते थंडीत ठिसूळ असतात, त्यांना आधी कोमट पाण्याच्या फडक्याने शेकावे. काही गाड्यांत आत जाणाऱ्या होजच्या तोंडाशी प्रवाह मर्यादित करणारी बारीक भोकाची चकती किंवा नळी असते. तीच तुंबली असल्याचे मी पाहिले आहे, आणि ती साफ करताच हीटर पूर्ववत झाल्याचेही. ती असेल तर तिची दिशा लक्षात ठेवावी आणि परत तशीच बसवावी.

कोरच्या दोन्ही तोंडांना एकेक मीटर लांबीची पारदर्शक नळी लावावी आणि ती इंजिनच्या कप्प्याबाहेर आणावी. यामुळे काम गाडीबाहेर होते, विजेच्या जोडांवर पाणी पडत नाही, आणि आतून काय येते ते डोळ्यांना दिसते. आता आपण कोरच्या बाहेर येणाऱ्या तोंडातून पाणी आत सोडणार आणि आत जाणाऱ्या तोंडातून ते बाहेर घेणार आहोत. उलट्या दिशेचे कारण साधे आहे. गाळ ज्या दिशेने वाहत आला त्याच दिशेने ढकलला, तर तो नळ्यांच्या अरुंद तोंडांत आणखी घट्ट ठासला जातो. मागून ढकलला की आला तसा परत निघतो. घशात अडकलेला घास पुढे ढकलायचा की मागे काढायचा, त्यातलाच हा विचार आहे.

दाबाबद्दल थोडे थांबून लिहितो, कारण बहुतेक कोर इथेच फुटतात. गाडीत कोरला बार-सव्वा बारची सवय असते. घरगुती नळाला ३ ते ५ बार दाब असू शकतो. नळाची नळी घट्ट बसवून तोटी पूर्ण उघडली आणि पुढचे तोंड गाळाने बंद असले, तर तो सगळा दाब कोरच्या पातळ सांध्यांवर येतो. मी या धंद्यात नवा असताना नेमके हेच केले होते. दोन मिनिटे काहीच बाहेर आले नाही, मग ‘टक्’ असा आवाज आला आणि पाणी आसनाखालून वाहू लागले. पुढचे दोन दिवस डॅशबोर्ड उतरवण्यात आणि गालिचे वाळवण्यात गेले, आणि नवा कोर मला पदरचे पैसे घालून बसवावा लागला. तेव्हापासून मी पहिले पाणी नेहमी बादलीतूनच सोडतो. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १ बार असतो. म्हणजे कोरपेक्षा दीड-दोन मीटर उंचावर टांगलेल्या बादलीचा दाब ०.१५ ते ०.२ बार एवढाच. एवढ्याशा दाबाने कोर फुटण्याची भीती नसते, आणि तो किती तुंबला आहे तेही कळते. त्यासाठी आधी दोन पारदर्शक नळ्या एकमेकींना जोडून एक लिटरचे भांडे भरायला किती सेकंद लागतात ते मोजावे, मग मध्ये कोर घेऊन मोजावे. निरोगी कोरने वेळ थोडासाच वाढतो. तुंबलेल्या कोरने तो तिप्पट-चौपट होतो, किंवा नुसते थेंब पडतात. हा आकडा लिहून ठेवावा. काम संपले की नाही हे तोच सांगेल.

पहिल्या फेरीत जुने कूलंट निघेल, ते वेगळे जमा करावे. त्यानंतर कोमट पाणी उलट्या दिशेने, मग सुलट, मग पुन्हा उलट, असे आलटून पालटून सोडावे आणि शेवट नेहमी उलट्या दिशेने करावा. बाहेर येणारे पाणी पांढऱ्या फडक्यातून बादलीत गाळावे. फडक्यावर काय साचते ते नीट पाहावे: वाळूसारखे पांढरे कण, तपकिरी चिखल, जेलीचे तुकडे, की गळतीच्या औषधाचे चमकदार, चिवट कण. प्रवाह खुला असल्याची खात्री पटल्यावर नळाचे पाणी वापरायला हरकत नाही, मात्र तोटी अगदी थोडी उघडावी, नळी कोरच्या तोंडावर घट्ट न आवळता हाताने धरावी, म्हणजे दाब वाढला तर पाणी बाजूने निसटेल. दुसरे तोंड कधीही बंद करू नये. हवेचा कॉम्प्रेसर वापरायचाच असेल तर रेग्युलेटर १ बारच्या खाली लावून, कोर पाण्याने भरलेला असताना, छोटे-छोटे झटके द्यावेत. पाणी आणि हवा यांचे मिश्रण गाळ चांगला हलवते, पण रेग्युलेटरशिवाय हवा देणे हा निव्वळ जुगार आहे.

नुसत्या पाण्याने जितका फरक पडायचा तितका वीस-पंचवीस मिनिटांत पडतो. त्यानंतरही भांडे भरायला बराच वेळ लागत असेल तर रसायनाकडे वळावे. क्षार आणि गंज यांसाठी मी सायट्रिक आम्ल म्हणजे लिंबूसत्त्व वापरतो. एक लिटर गरम पाण्यात, म्हणजे ५० ते ६० अंशांच्या पाण्यात, सुमारे ५० ग्रॅम या प्रमाणात द्रावण करावे. बादलीत लहान पाण्याचा पंप ठेवून ते कोरमधून फिरवावे, परतीच्या नळीच्या तोंडाला फडके बांधावे आणि दर पाच मिनिटांनी दिशा बदलावी. क्षार विरघळताना कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात आणि पारदर्शक नळीत ते स्पष्ट दिसतात. ते थांबले की त्या आम्लाचे काम झाले किंवा आम्ल संपले. त्या वायूमुळेच आम्ल आत असताना दोन्ही तोंडे कधीही बुचाने बंद करू नयेत. एका वेळी वीस ते तीस मिनिटे पुरतात, गरज वाटल्यास ताज्या द्रावणाची दुसरी फेरी द्यावी. रात्रभर आम्ल भरून ठेवण्याचा सल्ला अनेकदा ऐकू येतो. मला तो मान्य नाही, कारण क्षार संपल्यावर आम्ल ॲल्युमिनियमच्या मागे लागते. हातमोजे आणि चष्मा वापरावा, हे सांगायला नकोच.

व्हिनेगर चालते, पण त्यात आम्ल सुमारे ५ टक्केच असते आणि ते संथपणे काम करते. संडास साफ करण्याचे तीव्र आम्ल आणि तुंबलेले सांडपाण्याचे पाइप मोकळे करण्याची कॉस्टिकची पूड, या दोन्ही गोष्टींना मात्र कोरजवळ फिरकू देऊ नये. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला अक्षरशः खातो आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. त्याने कोर पाच मिनिटांत मोकळा झाल्याच्या कथा ऐकायला मिळतात. काही महिन्यांनी तो गळू लागल्याची कथा मात्र कोणी सांगत नाही.

तेलकट राड्यावर आम्लाचा काही उपयोग नसतो. तिथे गरम पाणी आणि फेस न करणारी, भांडी धुण्याच्या यंत्रात वापरतात ती पावडर अगदी थोडी घालून फिरवावी, आणि नंतर पाणी पूर्ण स्वच्छ येईपर्यंत धुवावे. ही पावडर अल्कलीयुक्त असते, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या कोरमध्ये ती दहा मिनिटांहून जास्त ठेवू नये. जेलीसारख्या साक्यावर नुसते गरम पाणी आणि दिशेची वारंवार अदलाबदल हाच पहिला उपाय. तो बऱ्याच वेळा पुरतो, पण चिकाटी लागते.

रसायनानंतर भरपूर पाण्याने धुवावे. आम्ल वापरले असेल तर एक लिटरला चमचाभर खाण्याचा सोडा घातलेले पाणी एकदा फिरवावे. उरलेल्या आम्लामुळे थोडे फसफसेल, ते स्वाभाविक आहे. त्यानंतर पुन्हा साधे पाणी आणि अखेरीस एक-दोन लिटर डिस्टिल्ड पाणी. हा शेवटचा टप्पा टाळू नये, कारण नळाचे जड पाणी आत राहिले तर जे क्षार काढण्यासाठी एवढी खटपट केली त्यांचेच बियाणे आत राहते. आता पुन्हा एक लिटरचे भांडे भरायला किती वेळ लागतो ते मोजावे. वेळ मोकळ्या नळ्यांच्या वेळेजवळ आला असेल तर काम झाले. पूर्ण तीन फेऱ्यांनंतरही प्रवाह अपेक्षेच्या निम्म्याहून कमी असेल, तर काही नळ्या कायमच्या बंद झाल्या आहेत असे समजून कोर बदलण्याचा विचार करावा. तेव्हा आपल्या मेकॅनिकचे म्हणणे बरोबर ठरेल. त्या कामात एअरबॅगमुळे आधी बॅटरी सोडवावी लागते, आणि हवेची पूर्ण पेटी बाहेर काढावी लागणार असेल तर एसीचा गॅसही यंत्राने काढून घ्यावा लागतो, म्हणून ते घरी करण्याचे काम नाही. दरम्यान गाडी वापरायची असेल तर दोन होज एकमेकींना जोडून कोर वगळता येतो, पण मग काचेवरची वाफ हटवायलाही गरम वारा मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

पाणी गोठेल इतकी थंडी असेल तर धुतल्यावर कोरमध्ये पाणी तसेच सोडू नये. हलक्या हवेने ते ढकलून बाहेर काढावे. नळीला तोंड लावून फुंकू नये. आतील अवशेष विषारी असतात. होज बसवताना टोके कडक किंवा तडकलेली असतील तर नव्याच घालाव्यात, आणि शक्यतो मूळ पद्धतीच्या स्प्रिंगच्या क्लिप वापराव्यात, कारण रबर तापून-निवून आकसले तरी त्या पकड सोडत नाहीत. स्क्रूची क्लिप वापरल्यास ती बेताने आवळावी.

केवळ कोर धुऊन जुनेच गढूळ कूलंट परत ओतणे म्हणजे आंघोळ करून मळके कपडे घालण्यासारखे आहे. इंजिन आणि मोठा रेडिएटर यांतूनही कूलंट काढून चक्र धुवावे. नवे कूलंट निवडताना रंगाकडे पाहू नये, गाडीच्या पुस्तिकेत दिलेले मानक पाहावे. मिश्रण करायचे असेल तर कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे. इथिलीन ग्लायकॉलचे असे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. नुसते कूलंट घालणे मात्र चूक आहे, कारण शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते आणि उष्णताही कमी वाहून नेते. धुण्याचे पाणी इंजिनच्या कोपऱ्यांत उरतेच. म्हणून चक्राची पुस्तिकेत दिलेली एकूण क्षमता बघून तिच्या निम्मे कूलंट आधी ओतावे आणि मग डिस्टिल्ड पाण्याने पातळी पूर्ण करावी, म्हणजे आत राहिलेले पाणी हिशेबात येते. नंतर रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे मिश्रणातील कूलंटचे प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाने, खात्री करावी.

हवा काढणे हा शेवटचा, पण निर्णायक टप्पा आहे. उत्तम धुतलेला कोर हवेच्या एका फुग्यामुळे पूर्ण थंड राहू शकतो, आणि मग धुण्याचा उपयोग झाला नाही असा गैरसमज होतो. गाडीचे तोंड थोडे चढावर ठेवावे, हीटर सर्वांत गरम स्थितीवर ठेवावा, हवा सोडण्याचे स्क्रू असतील तर ते सैल करून त्यांतून बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत सावकाश भरावे. कित्येक गाड्यांत हीटरच्या होजवरच असा स्क्रू असतो. इंजिन सुरू करून वेग थोडा वाढवावा, वरची मोठी होज गरम होऊन थर्मोस्टॅट उघडला हे पाहावे आणि या सर्व वेळात तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवावा. काटा चढत असताना हीटरचा वारा अचानक थंड झाला, तर कूलंट फिरत नाही आहे; इंजिन ताबडतोब बंद करावे. विजेवर चालणारा पंप असलेल्या संकरित गाड्यांत हवा काढण्याची क्रिया निदानयंत्रातून सुरू करावी लागते. निव्वळ विजेवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत तर हवा थेट विजेच्या हीटरने तापवतात, आणि तिथे हे उत्तर लागूच पडत नाही.

सर्व नीट झाले असेल तर गरम इंजिनावर झरोक्यातून येणारा वारा ५० ते ६० अंशांपर्यंत जावा आणि दोन्ही बाजूंचा फरक नाहीसा व्हावा. होजची तापमाने पुन्हा मोजून आधीच्या आकड्यांशेजारी लिहावीत. पुढील दोन-तीन दिवस सकाळी थंड इंजिनावर पातळी पाहावी. दडून बसलेली हवा निघून ती थोडी उतरते, तेवढी भर घालावी. क्लिपांभोवती ओल आणि गालिच्याखाली हात घालून ओलसरपणा तपासावा. महिन्याभराने कूलंट पुन्हा पांढऱ्या वाटीत घ्यावे. ते स्वच्छ असेल तर पुढची चिंता नाही. तपकिरी झाले असेल तर गाळ इंजिनच्या ब्लॉकमधून येतो आहे, आणि दुसऱ्यांदा कोरला हात लावण्याआधी ब्लॉक धुवावा लागेल. गंजरोधक नवे असूनही कूलंट इतक्या लवकर बिघडत असेल, तर मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी आणि दुसरी, धातूला न टेकवता, कूलंटमध्ये बुडवावी. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर एखाद्या सैल अर्थिंगमुळे वीज कूलंटमधून वाट काढत असण्याची शक्यता आहे, आणि ती अर्थिंगची तार साफ करून घट्ट बसवल्याशिवाय नवा कोरही फार काळ टिकणार नाही.